हरलेल्या सामन्याची साडेतीन मिनिटं

आमच्या शाळेच्या मुली जिल्हा पातळीवरच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरल्या. त्या सामन्याचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत खेळ शिकवते. चोवीस वर्षं गळ्यात शिट्टी आहे. कॉम्प्युटरचं म्हणाल, तर मुलींचे प्रवेश-अर्ज भरण्यापलीकडे मी त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. पण कॉम्प्युटरच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलं होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी मुली फायनलला गेल्या. तीन-साडेतीन मिनिटांचं काहीतरी करा. चांगलं चांगलं तेवढं घ्या, वर एखादं जोरदार गाणं टाका."

"हरलेल्या सामन्याचा व्हिडिओ?"

"हरलेल्या कशाला म्हणायचं? उपविजेत्या म्हणायचं."

मी होकार दिला. खरं तर त्या सामन्याची आठवणसुद्धा मला नको होती. शेवटच्या मिनिटात आमची एक मुलगी, आठवीतली, समोरच्या संघातली पळणारी मुलगी बाद करता करता राहिली. बाद झाली असती तर बरोबरी होऊन जादा डाव मिळाला असता. तिने झेप घेऊन हात लावलाही होता. पण त्याआधीच पंचांची शिट्टी वाजली होती. फाउल.

खो-खोत आठ मुली एका रेषेत आलटून पालटून उलट्या दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिने बसलेलीच्या पाठीला हात लावून खो दिला, की मग बसलेलीने उठायचं. या मुलीला खो मिळायच्या आधीच उठायची सवय होती. गणपतीच्या सुट्टीनंतर मी महिनाभर तिच्या मागे लागून ती मोडली होती. म्हणून शिट्टी वाजली तेव्हा मला विचार करायची गरजच वाटली नाही. सामना संपल्या संपल्या, दोन्ही संघ, पालक, चार शाळांचे शिक्षक उभे असताना मी मैदानात गेले आणि तिच्यावर ओरडले.

"शंभर वेळा सांगितलं होतं! खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही! सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस!"

ती म्हणाली, "बाई, मी..."

"एक शब्द बोलू नकोस."

तिच्या कोपराला खरचटलं होतं, त्यावरची माती झाडत ती उभी राहिली. सोमवारपासून तिने सरावाला यायचं बंद केलं. मी वर्गशिक्षिकेकडे चौकशी केली, तर मुलगी रोज शाळेत येते, पोट दुखतंय म्हणून मैदानावर येत नाही, असं कळलं. मला वाटलं, लाज वाटत असेल. आठ दिवसांनी येईल आपोआप.

सामन्याचं चित्रण आमच्या शिपाईमामांनी केलं होतं, स्वतःच्या फोनवर, एका बाकावर उभं राहून. त्यांनी ते माझ्याकडे सोपवलं तेव्हा म्हणाले, "लई भारी आलंय बाई. एक बी गडी सुटला न्हाय."

गडी सुटले नव्हते हे खरं, पण बाकीही काही सुटलं नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचं अर्धं बोट होतं. मग शेजारच्या कुणाशी तरी शेंगांच्या भावाबद्दलचं सविस्तर बोलणं होतं. मधेच आकाश, मधेच पलीकडच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर. आणि सबंध सामनाभर मामांचा आवाज, "आगं पळ की! डावीकडं, डावीकडं! आरं द्येवा!"

मी रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तासभर कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला लागले. पडद्याच्या खालच्या बाजूला सगळं चित्रण एका लांब पट्टीसारखं पसरलेलं असतं. हवं तिथे कापायचं, नको ते काढून टाकायचं, राहिलेले तुकडे जोडायचे. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी मी नको ते ठेवलं आणि हवं ते उडवलं. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि दोन तासांचं काम गेलं, कारण काम मधे मधे जतन करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी घरून वही आणली. कुठला चांगला क्षण किती मिनिटाला आहे हे पेन्सिलने लिहून काढलं, डाव आखल्यासारखं. मुलींना मी सांगत असते, हात बसेपर्यंत करत राहायचं. ते स्वतःला सांगायची पाळी बऱ्याच वर्षांनी आली होती. पाचव्या दिवसापर्यंत माझं बोट बऱ्यापैकी चालायला लागलं.

आमची कर्णधार दहावीतली. तिचे रेषेच्या टोकाला रोवलेल्या खुंटाजवळचे वळसे, तिने खुंटावर टेकून बाद केलेली मुलगी, मग बचावात एका छोट्या मुलीने दिलेली हुलकावणी, असे तुकडे मी जुळवत गेले. शेवटचं मिनिट मात्र मी घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. तसंही ते चित्रण बिघडलेलं होतं. इतका वेळ फोन वर धरून मामांचा हात भरून आला असणार, कारण शेवटच्या दोन-तीन मिनिटांत फोन खाली आला होता. कुणाचंच डोकं दिसत नव्हतं. नुसते पाय, चुन्याच्या रेषा आणि बसलेल्या मुलींच्या पाठी.

तो तुकडा काढून टाकण्याआधी एकदा बघावा म्हणून मी तो चालवला.

पाय पळत आले. कर्णधाराचे, तिच्या निळ्या मोज्यांवरून ओळखू आले. हात पाठीला लागला. मग ती बसलेली मुलगी उठली. मग झेप. शिट्टी.

हात लागला, मग उठली. मी पट्टी मागे नेली आणि पुन्हा बघितलं. मग सावकाश, एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. हात तिच्या पाठीवर स्पष्ट टेकलेला होता आणि तिचे दोन्ही गुडघे अजून वाकलेले होते. ती आधी उठली नव्हती.

मग शिट्टी कशाची?

ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. एकदा पायांकडे बघायचं ठरवल्यावर सगळं समोरच होतं. बसलेल्या प्रत्येक मुलीच्या चौकोनातून दोन्ही बाजूंना एक आडवी पाटी आखलेली असते. खो देणारीचा पाय ती पाटी सोडून पुढे गेला, की मागे हात करून त्या मुलीला खो देता येत नाही. कर्णधाराचा निळ्या मोज्याचा पाय पाटीच्या वीतभर पुढे होता. ती वेगात होती, तिला थांबता आलं नाही, तिने मागे हात टाकून खो दिला. फाउल तिचा होता.

मी त्या खोलीत एकटीच होते. पडदा थांबवून ठेवला होता आणि त्यावर त्या मुलीची पाठ, तिच्यावर टेकलेला हात. मला तिचं "बाई, मी..." ऐकू येत होतं. ते चित्रणात नव्हतं. मामांनी तोवर फोन बंद केला होता. मला ते तसंच ऐकू येत होतं.

माझे डोळे मला फसवतायत का, म्हणून मी पंचांना फोन लावला. ओळखीचे होते.

"सर, शेवटच्या मिनिटाला तुम्ही जो फाउल दिला, तो कशाचा?"

"पाटी सोडून खो दिल्याचा. का हो?"

"उठण्याचा नव्हता?"

"नाही की. मी हात करून पाटीकडे दाखवलं पण होतं. तुम्ही त्या पोरीला बोलत होता, तुमचं लक्ष नव्हतं." मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुमचं काहीतरी दुसरंच चाललं असेल."

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. भवानी पेठेत दोन खोल्यांचं घर. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. आई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा दुमडत होती. एका बाजूला दुमडलेल्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला राहिलेल्यांचा. मला बघून ती गडबडून उठली, ढीग बाजूला करून मला बसायला जागा केली.

"बाई, ती आता खेळणार न्हाई म्हणते," ती आपणहूनच बोलायला लागली. "तिच्यामुळं शाळा हरली म्हणते. मी म्हटलं, बाईंनी सांगितलं तर खरं असेल."

मला खाली बघायला झालं. मी म्हटलं, "खरं नव्हतं. तेच सांगायला आले आहे. तिला बोलवा."

आईने त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, हाक मारली. मुलगी आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कोपरावर खपली धरली होती. मी फोनवर तो तुकडा घेऊन गेले होते. तिला दाखवला. तिने एकदाच बघितला, तोही पुरता नाही.

"मी उठले नव्हते बाई."

"हो. मला आता कळलं."

"मी तेव्हा सांगत होते."

"मी ऐकलं नाही. माझी चूक झाली. मी तुझी माफी मागायला आले आहे."

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा हसेल, किंवा सोमवारी येते म्हणेल. चोवीस वर्षं मुलींमध्ये काढल्यावर आपल्याला त्यांचं सगळं कळतं असा माझा समज होता. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होता."

आई तिला तेलुगूत काहीतरी रागावली. बाईंशी असं बोलतात का, असंच असणार. मी आईला थांबवलं. मुलगी बरोबर बोलत होती. मैदानात ओरडायचं आणि माफी मागायला दोन खोल्यांच्या घरात यायचं, हे माप सारखं नव्हतं. तिथून निघताना मी ठरवलं, हे सगळ्यांसमोरच करायचं.

पण त्याआधी कर्णधार होती. सोमवारी मी तिला एकटीला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं आणि काही न सांगता तो तुकडा दाखवला. पाटीपुढचा पाय दिसला तशी तिने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

तिने मान हलवली. माहीत होतं. "सरांनी पाटीकडे हात केला तेव्हाच कळलं होतं. मी सांगणार होते बाई. पण तुम्ही तिला बोलायला लागलात, आणि मला वाटलं..." ती रडायला लागली. "मला वाटलं, सुटले. नंतर रोज सांगीन म्हणत होते."

मला तिचा रागही आला आणि कीवही आली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. शेवटचं वर्ष, शेवटचा सामना, पायावर ताबा राहिला नाही. माझं तोंड इतक्या घाईने उघडलं नसतं, तर तिचंही उघडलं असतं.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. "हे सगळ्यांना दाखवणार तुम्ही?"

"तुझा पाय दाखवणार नाही. एकीची चूक नव्हती म्हणून दुसरीला उभं करायचं, असं मला करायचं नाही. पण संघातल्या मुलींना खरं कळलं पाहिजे. ते कोण सांगणार, ते तू बघ."

त्या दिवशी संध्याकाळी सरावाला तिने मुलींना गोल बसवलं आणि स्वतः सांगितलं. मी मुद्दाम लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. एक-दोघी तिच्यावर चिडल्या, ते मला तिथूनही ऐकू आलं. एकीने विचारलं, "मग तिच्याशी आपण इतके दिवस का बोललो नाही?" म्हणजे मुलींनीही तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मी पुन्हा व्हिडिओला बसले. आता कुठलं काम करायचं ते स्पष्ट होतं. शेवटचा तुकडा असा कापायचा की तो पाठीवर टेकलेल्या हातापासून सुरू होईल. त्याच्या आधीचं एकही चित्र नको. अर्धा सेकंद जरी इकडेतिकडे झाला तरी मोज्याचा पाय दिसत होता. चित्राची खालची डावी बाजू थोडी कापली की पाय जात होता, पण मग पाठीवरचा हातही जात होता. मी दोन दिवस त्या एका तुकड्यावर घालवले. मोठा करून बघितला, सरकवून बघितला, शेवटी एका जागी तो बसला. हात, उठणं, झेप, समोरच्या मुलीच्या टाचेला लागलेली बोटं. ती झेप सबंध सामन्यातली सगळ्यात सुंदर होती. इतक्या वर्षांत मी शिकवलेल्या मुलींमध्ये अशी मी दोन-तीनदाच पाहिली असेल. त्या दिवशी मैदानात मी ती बघितलीच नव्हती, शिट्टी ऐकत होते.

मोठ्या बाईंनी पूर्ण व्हिडिओ बघितला. मग मी त्यांना सगळं सांगितलं आणि व्हिडिओनंतर मला माईकवर बोलायचंय म्हणाले.

"हे हायलाइट आहे की चौकशी?" त्यांनी विचारलं. "संस्थेचे लोक येणार, पाहुणे येणार. शिक्षकाने स्टेजवरून चूक कबूल केली की उद्यापासून प्रत्येक पालक माझ्या दारात उभा राहील."

"मी ओरडले तेव्हाही पालक होते बाई. तेव्हा कुणाची परवानगी मागितली नव्हती."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर प्रार्थनेच्या वेळी बोलेन. पण बोलणार."

आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो. त्या म्हणाल्या, "दोन वाक्यं. तिसरं नको."

संमेलनाच्या दिवशी मुलगी आईबरोबर आली होती. मीच आईला जाऊन सांगितलं होतं, तिला घेऊन या म्हणून. त्या दोघी अगदी मागच्या रांगेत बसल्या होत्या. व्हिडिओ सुरू झाला तसा मुलींनी दंगा केला, प्रत्येकीला स्वतःचा चेहरा दिसत होता. मामांचा आवाज मी दोन ठिकाणी तसाच ठेवला होता, "आगं पळ की!" त्यावर सगळा मांडव हसला आणि मामा कोपऱ्यात लाजले. शेवटी ती झेप आली. पडदा काळा झाला. मी माईक हातात घेतला.

"ही झेप ज्या मुलीची आहे, तिला मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले की ती खो मिळायच्या आधी उठली, तिच्यामुळे आपण हरलो. ते खोटं होतं. ती वेळेवर उठली होती, मी न बघता बोलले. आज सगळ्यांसमोर मी तिची माफी मागते."

दोन वाक्यांची चार झाली. पाहुण्यांना काय चाललंय ते कळलं नाही, ते शेजारच्यांना विचारू लागले. टाळी पहिल्यांदा संघातल्या मुलींच्या रांगेतून आली, मग सगळीकडून. मी मागच्या रांगेकडे बघत होते. आईने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने तो झटकला आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसली. मला तिच्याकडे जावंसं वाटलं, पण मी गेले नाही. मला मोकळं वाटावं म्हणून तिने आणखी काही करायचं कारण नव्हतं.

सोमवारी ती मैदानावर आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी कुणाकडे निरोप पाठवला नाही. गुरुवारी मुली रेषेत बसत होत्या तेव्हा ती दप्तर कट्ट्यावर ठेवून आली, बूट घट्ट केले आणि खुंटापासूनच्या दुसऱ्या चौकोनात, आपल्या जागी बसली. कर्णधार पळत होती. पहिला खो तिने तिलाच दिला. पाय पाटीच्या आत होता, मी बघितलं.

पुढच्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीतच हरलो, आणि चांगल्या तीन गुणांनी. पण ती मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. माझ्याशी ती फार मोकळी कधीच झाली नाही, पण एक फरक पडला. त्या उपांत्य सामन्यात तिच्यावर फाउलची शिट्टी झाली. मी काही बोलायच्या आत ती रेषेवरूनच मला मोठ्याने म्हणाली, "बाई, मी बरोबर होते. सरांना विचारा!"

डाव संपल्यावर मी पंचांकडे गेले आणि विचारलं. परत येऊन तिला सांगितलं, "विचारलं. धरलेली दिशा तू मधेच बदललीस. चूक तुझीच होती."

तिने मागे वळून रेषेकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय की, बदलली," आणि हसली. पाण्याची बाटली तोंडाला लावून ती पुढच्या डावासाठी मैदानात गेली.